काटा टाचेत, अवधाण जांघेत

कापूस वेचताना बाईच्या टाचेत बाभळीचा काटा मोडतो. ती बांधावर बसते, मंगळसूत्राला अडकवलेली पिन काढून काटा उकरते. अर्धा निघतो, अर्धा आतच राहतो. रात्री टाच ठणकायला लागते. सकाळी पाहावं तर टाच लाल, गरम, टम्म सुजलेली. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मात्र तक्रार भलतीकडेच निघते. "पायाचं राहू द्या, जांघंतच लई दुखायलंय," ती म्हणते. हात लावला तर तिथं लिंबाएवढी गाठ. चुलीपुढे बसलेली सासू मान वर न करता सांगते, "काही नाही, अवधाण आलंय. काट्याचं असंल."

सासूचं निदान अचूक असतं. काटा टाचेत आणि गाठ जांघेत, या दोन्हींचा संबंध आपल्या बायाबापड्यांना पुस्तकाशिवाय ठाऊक आहे आणि त्याला आपल्या भाषेत स्वतंत्र शब्दही आहे. मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी लॅबमध्ये रक्त, लघवी, बेडका तपासतो. रिपोर्ट घ्यायला आलेली माणसं खिडकीतून विचारतात, "सर, पेशी किती आल्यात?" किंवा "इन्फेक्शन किती हाय?" मी आकडा सांगतो. पण त्या आकड्यामागे काय चाललंय ते सांगायला दहा मिनिटं लागतात आणि मागे रांग असते. ती दहा मिनिटं इथे घेतो. टाचेपासून जांघेपर्यंतची वाट धरून चाललं, तर जंतू आजार कसा करतात आणि शरीर त्यांच्याशी कसं लढतं, यातलं बरंचसं वाटेतच भेटतं.

आपल्या कातडीवर कोट्यवधी जंतू कायम वस्तीला असतात. मातीत, शेणात, दारातल्या धुळीत तर त्यांची गणतीच नाही. कातडी शाबूत असते तोवर यातल्या बहुतेकांचं काही चालत नाही. ती नुसती भिंत नाही. वरचा थर सतत मरून झडत असतो आणि जाताना जंतूंनाही घेऊन जातो. घाम आंबट असतो. डोळ्याच्या पाण्यात जंतूंची भिंत विरघळवणारं द्रव्य असतं. पोटातलं आम्ल तर इतकं जहाल की पाण्याबरोबर गिळलेले बहुतेक जंतू तिथेच संपतात. काटा ही सगळी व्यवस्था एका क्षणात ओलांडतो आणि जंतूंना थेट मांसात नेऊन सोडतो. तिथे ऊब आहे, ओल आहे, खायला आहे. काही जीवाणू अशा सुकाळात दर वीस मिनिटांनी एकाचे दोन होतात. हिशोब मांडून बघा. रात्री दहाला एक असेल, तर पहाटे पाचला वीस लाख.

म्हणून शरीराला उशीर करून चालत नाही. कातडीखाली काही पेशी पहाऱ्यालाच बसलेल्या असतात. त्यांना प्रत्येक जंतूचं नाव माहीत नसतं. पण जीवाणूच्या अंगावर असे काही पदार्थ असतात जे आपल्या शरीरात कुठेच नसतात. त्यांचा स्पर्श झाला की पहारेकरी पेशी रसायनं सोडून हाकाटी करतात. त्या हाकेने जवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, जास्त रक्त येतं, म्हणून लाली आणि उष्णता. वाहिन्यांच्या भिंती सैल होऊन पाणी बाहेर झिरपतं, म्हणून सूज. तिथल्या नसा हळव्या होतात, म्हणून ठणका. लाली, उष्णता, सूज आणि ठणका या चारही गोष्टींना आपण रोग म्हणतो, पण त्या घडवून आणतं आपलंच शरीर. हे एक वाक्य लक्षात राहिलं तर पुढचं सगळं सोपं जाईल.

काट्याची ही गोष्ट विज्ञानात खरोखरच काट्यापासून सुरू झाली. १८८२ साली इल्या मेचनिकॉव्ह हा रशियन शास्त्रज्ञ इटलीतल्या सिसिली बेटावर मेसिनाला राहत होता. समुद्रातल्या ताऱ्यामाशाची पिल्लं काचेसारखी पारदर्शक असतात. त्याने बागेतल्या झाडाचा काटा तोडून अशा पिल्लाच्या अंगात टोचला आणि रात्रभर वाट पाहिली. सकाळी सूक्ष्मदर्शकातून बघतो तर काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा. शरीरात बाहेरचं काही घुसलं की त्याला घेरून गिळणाऱ्या पेशी असतात, ही कल्पना तिथून उभी राहिली. १९०८ साली पॉल एर्लिख यांच्याबरोबर त्याला नोबेल मिळालं.

टाचेतल्या काट्याकडेही अशाच पेशी धावतात. पांढऱ्या पेशींमधल्या या न्यूट्रोफिल. रक्तातून वाहताना त्या वाहिनीच्या भिंतीला चिकटतात, अंग चोरून फटीतून बाहेर पडतात आणि रसायनाचा माग काढत जंतूपाशी पोचतात. गिळतात, आत जहाल रसायनांनी मारतात. काही तर स्वतःचाच डीएनए जाळ्यासारखा बाहेर फेकून त्यात जंतू अडकवतात आणि त्यातच मरतात. त्यांचं आयुष्य तसंही थोडंच, काही तासांचं ते फार तर काही दिवसांचं. हाडातला मगज रोज सुमारे शंभर अब्ज नव्या न्यूट्रोफिल तयार करतो. टाच पिकली, पू निघाला, असं आपण म्हणतो तो पू म्हणजे मुख्यतः या मेलेल्या पेशींचा खच. पिवळसर, घाण वाटणारा तो थेंब मी काचपट्टीवर पसरून रंग देऊन बघतो, तेव्हा प्रत्येक वेळी मला आदरच वाटतो.

रक्ताच्या रिपोर्टमध्ये याचं प्रतिबिंब पडतं. मोठ्या माणसाच्या रक्तात एका मायक्रोलिटरमागे साधारण चार ते अकरा हजार पांढऱ्या पेशी असतात. जीवाणूंशी जोराची लढाई चालू असली की त्या पंधरा-वीस हजारांवर जातात, त्यात न्यूट्रोफिलचा वाटा वाढतो, आणि मगजाला इतकी घाई होते की अर्धवट वाढलेल्या पेशीही रक्तात उतरतात. "इन्फेक्शन किती" या प्रश्नाला मी जो आकडा सांगतो तो जंतूंचा नसतो. तो आपल्या फौजेचा असतो.

त्या रात्री बाईला कणकण वाटते. अंगावर काटा येतो, दात वाजतात, ती वाकळ मागते. घरच्यांना वाटतं थंडी वाजतेय आणि अंग तर तव्यासारखं तापलंय, हे कसं? मेंदूच्या तळाशी शरीराचं तापमान राखणारं एक केंद्र आहे. पांढऱ्या पेशींची रसायनं तिथवर पोचली की ते केंद्र आपली पातळी ९८ वरून १०२ वर नेऊन ठेवतं. अंग अजून ९८ वरच असतं, म्हणून मेंदूच्या लेखी ते गार. मग स्नायू थरथरवून उष्णता तयार केली जाते. हीच हुडहुडी. १०२ गाठलं की थरथर थांबते. केंद्राने पातळी पुन्हा खाली आणली की जास्तीची उष्णता घामावाटे जाते, आणि आपण म्हणतो, घाम आला, ताप उतरला. वाढलेल्या तापमानात अनेक जंतूंची वाढ मंदावते आणि पांढऱ्या पेशी चपळ होतात. पॅरासिटामॉल ही पातळी खाली आणतं, जंतूला हात लावत नाही. माणसाला आराम पडावा म्हणून ते जरूर द्यावं, पण गोळीने ताप उतरला म्हणजे आजार गेला असं समजू नये.

आता जांघेकडे. टाचेत झिरपलेलं पाणी तिथेच साचून राहत नाही. रक्तवाहिन्यांसारखंच बारीक नळ्यांचं आणखी एक जाळं शरीरभर आहे. त्यातून हे पाणी, म्हणजे लसिका, हळूहळू वर सरकतं. वाटेत जागोजागी चौक्या असतात, घेवड्याच्या दाण्याएवढ्या. अशा पाचशेच्या वर लसिका ग्रंथी आपल्या अंगात आहेत. पायाचं पाणी जांघेतल्या चौकीत, हाताचं काखेत, घशाचं जबड्याखाली. म्हणून दाढ दुखली की जबड्याखाली गाठ येते आणि टाचेत काटा मोडला की जांघेत.

चौकीत काय होतं? टाचेतल्या काही पहारेकरी पेशी जंतू गिळून त्याचे तुकडे अंगावर मिरवत या ग्रंथीत येतात. इथे कोट्यवधी लिम्फोसाइट पेशी बसलेल्या असतात. गंमत अशी की त्यातली प्रत्येक पेशी वेगळ्या आकाराचा तुकडा ओळखते, जणू प्रत्येकीकडे वेगळी किल्ली. आजवर जगात न आलेल्या जंतूचीही किल्ली कोणाकडे तरी असण्याची दाट शक्यता असते, कारण या किल्ल्या जंतू बघून घडवलेल्या नसतात, आधीच अगणित प्रकारे घडवून ठेवलेल्या असतात. आलेला तुकडा एकेकीला दाखवला जातो. ज्या पेशीची किल्ली बसते ती फुगते, विभागते. एकीच्या दोन, दोघींच्या चार, असं करत काही दिवसांत हजारो होतात. ग्रंथी सुजते ती या गर्दीने. अवधाण म्हणजे जांघेत भरलेली भरती.

यातल्या बी पेशी अँटीबॉडी नावाची प्रथिनं बनवतात. पूर्ण तयार झालेली एक पेशी सेकंदाला हजारावर अँटीबॉडी सोडू शकते. त्या रक्तातून जाऊन जंतूला चिकटतात, त्याची वाट अडवतात, आणि याला गिळा अशी खूणही पटवून देतात. टी पेशींचं काम वेगळं. त्यातल्या काही बाकीच्या फौजेला हुकूम देतात, तर काही आपल्याच शरीरातल्या त्या पेशी मारतात ज्यांच्या आत विषाणू लपलेला असतो. पहिल्यांदा आलेल्या जंतूसाठी हे सगळं उभं राहायला आठवडा-दोन आठवडे लागतात. लढाई संपली की बहुतेक पेशी मरतात, थोड्या मागे राहतात, वर्षानुवर्षं. तोच जंतू परत आला तर त्या दोन-तीन दिवसांत उभ्या राहतात. लस हेच करते. जंतूचा मेलेला, दुबळा केलेला किंवा नुसता तुकडा दाखवून ही भरती आधीच करून घेते. बाळाला लस दिल्यावर ताप येतो तो त्याचाच. बाळाची स्वतःची फौज तयार होईपर्यंत आईच्या अँटीबॉडी कामी येतात, नाळेतून मिळालेल्या आणि चिकाच्या दुधातून येणाऱ्या. पहिलं पिवळसर दूध टाकून द्यायची पद्धत काही घरांत अजून आहे. ते टाकू नका, एवढं मी इथे कळकळीने सांगतो.

इतकी पक्की चौकी असताना जंतू जिंकतात कसे? याचं सगळ्यात भयंकर उदाहरण आपल्याच जिल्ह्यात घडून गेलं आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. हादरे पुढेही बसत राहिले आणि त्या धसक्याने दूरदूरच्या गावांतली माणसंही घराबाहेर राहायला लागली. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात पिसवांचा उपद्रव वाढला, उंदीर मरून पडू लागले आणि मग माणसांना ताप येऊन जांघेत, काखेत गाठी उठल्या. ओस घरांत धान्य राहिलं, त्यावर उंदीर माजले, असं कारण तेव्हाच्या तपासात पुढे आलं. गाठीचा प्लेग. लगेच सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची साथ आली आणि देशभर घबराट झाली. प्लेग म्हटलं की मराठी माणसाला १८९७ आठवतं. त्याच साली १० जानेवारीला मुंबईत वाल्देमार हाफकिन यांनी आपण बनवलेली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली आणि १० मार्चला पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई गेल्या.

प्लेगची गाठ आणि काट्याचं अवधाण, जागा एकच, जांघ. पण आतला प्रकार उलटा. प्लेगचा जीवाणू पिसवेच्या पोटात असताना साधा असतो. पिसवेच्या चाव्यातून माणसाच्या ३७ अंश सेल्सिअसच्या उबेत आला की तो रूप बदलतो, अंगावर निसरडं कवच चढवतो आणि सुईसारखं एक यंत्र उभारतो. त्याला गिळलेल्या पेशींपैकी काहींच्या आत तो मरत नाही, तिथेच वाढतो. मग ग्रंथीत पोचल्यावर गिळायला आलेल्या पेशींना त्या सुईने प्रथिनं टोचून लुळं करतो. त्यामुळे पेशी हाक मारू शकत नाहीत. चौकीच त्याचा अड्डा होते, ग्रंथी आतून सडते आणि तिथून तो रक्तात उतरतो. काट्याच्या अवधाणात भरती असते, प्लेगच्या गाठीत पाडाव. प्लेगला आज प्रतिजैविकं आहेत आणि वेळेत दिली तर माणूस वाचतो. पण वेळेत याचा अर्थ एक-दोन दिवसांत.

सगळेच जंतू असे चाल करून येत नाहीत. काट्याबरोबरच मातीतल्या धनुर्वाताच्या जंतूचं बी आत जाऊ शकतं. गंजलेल्या खिळ्याने धनुर्वात होतो अशी समजूत आहे, पण गंजाचा दोष नाही. हे बी माती-शेणात असतं आणि जिथे हवा पोचत नाही अशा खोल जखमेत ते उगवतं. मजेत एका जागी बसून हा जंतू विष सोडतो. तेवढं विष नसांतून चढत पाठीच्या कण्यात पोचतं आणि स्नायूंना सैल पड असं सांगणारा निरोपच तोडतं. जबडा आवळतो, पाठ धनुष्यासारखी वाकते. धनुर्वात हे नाव किती नेमकं आहे बघा. हे विष इतक्या कमी मात्रेत मारतं की शरीराला ओळख होण्याइतकंही ते नसतं, म्हणून धनुर्वातातून उठलेल्या माणसालाही पुढे लस घ्यावीच लागते. दर काट्याला इंजेक्शन लागत नाही. पण शेवटचं कधी घेतलं ते लक्षात ठेवा आणि खोल जखम झाली की डॉक्टरांना सांगा.

पटकी, म्हणजे कॉलरा, याहून चतुर. तो जंतू शरीरात घुसतसुद्धा नाही. पाण्यातून पोटात जातो, आम्लातून वाचलेले थोडे आतड्याच्या अस्तराला चिकटतात आणि विष सोडतात. ते विष अस्तराच्या पेशींमधलं एक बटण चालू करून ठेवतं, क्षार बाहेर पडतात आणि क्षारामागे पाणी. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब, जोराच्या आजारात तासाला लिटरभर. जुन्या माणसांनी याला मरीआईचा कोप म्हटलं. रात्रीत धडधाकट घर ओस पडत होतं, त्यांनी दुसरं काय म्हणावं? यामागे विष आहे हे १९५९ साली कोलकात्यात शंभूनाथ डे यांनी सशाच्या आतड्यात प्रयोग करून दाखवलं. जंतू गाळून काढलेलं नुसतं पाणीही आतड्यात पाणी भरवत होतं.

आणि उपायही याच समजुतीतून निघाला. विषाने एक दार उघडं राहतं, पण साखर आणि मीठ जोडीने आत घेणारं दुसरं दार तसंच चालू असतं. साखर-मिठाबरोबर पाणीही आत येतं. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या पश्चिम बंगालमधल्या बनगाव छावणीत सलाईन संपत आल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचं पाणी ड्रमात भरून लोकांना पाजलं. पटकीने मरणाऱ्यांचं प्रमाण सुमारे तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आलं. ओआरएसचं पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ जास्त नको. सलाईन लावल्याशिवाय बरं वाटत नाही म्हणणाऱ्या नातेवाइकांना मी हे नेहमी सांगतो. माणूस पिऊ शकत असेल तर हे पाणी सलाईनचंच काम करतं. शुद्ध हरपत असेल, पिता येत नसेल, तर मात्र क्षणही न दवडता दवाखाना.

आपल्याकडे असे जंतू टँकरमधून येऊ शकतात. उन्हाळ्यात विहिरीत टँकर ओततात, त्या विहिरीत क्लोरीनची टीसीएल पावडर पडली की नाही हे कोणी विचारत नाही. क्लोरीनला काम करायला अर्धा तास लागतो, आणि टँकर रिकामा व्हायच्या आधीच बायका बादल्या घेऊन उभ्या असतात. याच पाण्यातून कावीळही येते. तिचे ए आणि ई हे विषाणू यकृताच्या पेशींत वाढतात, पण यकृताला सूज येते ती मुख्यतः आपल्या टी पेशी त्या बाधित पेशींना मारतात म्हणून. बहुतेकांची ती आपोआप बरी होते, आणि श्रेय गळ्यात बांधलेल्या माळेला जातं. गरोदर बाईला ई प्रकारची कावीळ मात्र जिवावर बेतू शकते. तिला माळेवर ठेवू नका.

पाणी कमी असण्याचा दुसरा आजार डेंग्यू, हे अनेकांना पटत नाही. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येत असेल तर माणूस रांजण, हौद, टिपाडं, जे मिळेल ते भरून ठेवणारच. नेमक्या अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात एडिस डास अंडी घालतो. आठ-दहा दिवसांत डास तयार. अंडी काठाला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्महिने जगतात, म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही, रांजण आतून घासावा लागतो. डास आणि हिवताप यांचं नातं पहिल्यांदा दिसलं तेही आपल्या जुन्या निजामी मुलखातच. २० ऑगस्ट १८९७ ला सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू दिसले.

डेंग्यूचा विषाणू आपल्या पहारेकरी पेशींतच घुसून वाढतो. त्याचे चार प्रकार आहेत. एक होऊन गेला की त्याच्या अँटीबॉडी राहतात. पुढे दुसरा प्रकार आला तर त्या त्याला चिकटतात, पण मारू शकत नाहीत. उलट चिकटलेल्या अँटीबॉडीची खूण बघून पहारेकरी त्याला आत घेतात, आणि विषाणूला घरबसल्या प्रवेश मिळतो. म्हणून दुसऱ्यांदा झालेला डेंग्यू अनेकदा जास्त जोराचा असतो.

लॅबच्या खिडकीत सगळ्यात जास्त गोंधळ याच आजारात होतो. लोक म्हणतात, "पांढऱ्या पेशी कमी झाल्यात." त्यांना म्हणायचं असतं प्लेटलेट. त्या वेगळ्या, रक्त गोठवणाऱ्या, दीड ते साडेचार लाख असतात. पांढऱ्या पेशी फौजेच्या. डेंग्यूत दोन्ही कमी होतात, म्हणून घोटाळा. सगळं घर प्लेटलेटच्या आकड्यावर डोळे लावून पपईच्या पानांचा रस, किवी, ड्रॅगन फ्रूट शोधत फिरतं. खरी भीती वेगळी आहे. शरीराने उधळलेल्या रसायनांनी रक्तवाहिन्या गळक्या होतात, रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं आणि रक्त दाट होतं. रिपोर्टमध्ये ते पीसीव्हीच्या, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींच्या वाट्याच्या, चढत्या आकड्यात दिसतं, त्याकडे कोणी बघत नाही. आणि हे घडतं ताप उतरताना, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवशी. घरचे म्हणतात ताप गेला, आता बरा आहे. तेव्हाच पोटात जोराचं दुखणं, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, गळून जाणं, लघवी कमी होणं, यातलं काही दिसलं तर तासाचाही उशीर नको. अंगदुखीसाठी ब्रूफेन किंवा अ‍ॅस्पिरिन या तापात घेऊ नये, त्याने रक्तस्राव वाढतो.

"पावरफुल गोळी द्या" ही मागणी डेंग्यूतही होते. प्रतिजैविकं काम करतात ती जीवाणूंच्या यंत्रणेवर. पेनिसिलिन जीवाणूची भिंत बांधू देत नाही, आणि आपल्या पेशींना तशी भिंत नसल्याने आपण सुखरूप राहतो. विषाणूला भिंतच नसते. तो आपल्याच पेशीची यंत्रं वापरून वाढतो, मग गोळी मारणार कशाला? सर्दी-पडशात घेतलेल्या अशा गोळीने विषाणू तसाच राहतो आणि अंगावरचे साधे जीवाणू मात्र त्या औषधाला सरावतात. पुढे काट्याची टाच खरोखर पिकेल तेव्हा तीच गोळी लागू पडत नाही.

पुन्हा गाठीकडे येतो. काट्याचं अवधाण दुखतं, आणि जखम बरी झाली की दोन-तीन आठवड्यांत बसतं. मानेला येणाऱ्या काही गाठी मात्र दुखत नाहीत. महिना होतो, दोन होतात, एकीच्या दोन होऊन एकमेकींना चिकटतात. संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरतं. जुन्या माणसांचा शब्द गंडमाळ. ही बहुधा क्षयाची गाठ असते. क्षयाच्या जीवाणूला मेणासारखं आवरण असतं. पेशी त्याला गिळते, पण तो आतली जहाल रसायनांची पिशवी आपल्यापर्यंत येऊच देत नाही आणि पेशीतच ठाण मांडतो. मारता येत नाही म्हणून शरीर त्याच्याभोवती पेशींचा कोट बांधून त्याला कोंडतं. कोंडलेला जंतू वर्षानुवर्षं झोपून राहू शकतो. उपासमार, मधुमेह, एचआयव्ही यांनी पहारा ढिला पडला की उठतो. जवळजवळ निजलेल्या जंतूवर औषध हळू चालतं, म्हणूनच गोळ्या सहा महिने असतात, दोन महिन्यांत बरं वाटलं तरी.

तर अशी न दुखणारी, महिन्यावर टिकलेली गाठ दाखवा. सुईने त्यातला अंश घेऊन तपासतात, फार दुखत नाही, सरकारी दवाखान्यात पैसेही लागत नाहीत. आणि गोळ्या सुरू झाल्यावर एक गोष्ट होऊ शकते, तिची कल्पना आधी दिलेली बरी. काही जणांची गाठ औषध चालू असतानाच मोठी होते, कधी शेजारी नवीनही येते. माणूस घाबरतो. औषध लागू पडत नाही म्हणून गोळ्या सोडून देतो, असे रुग्ण मी पाहिलेत. जंतू मरायला लागले की त्यांचे तुकडे मोकळे होतात आणि इतके दिवस दबलेली फौज एकदम जागी होऊन त्या गाठीत गर्दी करते. अनेकदा वाढलेली गाठ म्हणजे ती गर्दी असते. पुन्हा दाखवा, डॉक्टरांना बघू द्या, पण त्या दिवशीची गोळी चुकवू नका.